लॉनवर औषध मारताय? आधी कासव उचला

वडोदऱ्याला माझ्या मावशीच्या बंगल्यामागे छोटंसं लॉन आहे आणि लॉनच्या कडेला सिमेंटचा उथळ हौद. त्या हौदात ढोल्या राहतो. ढोल्या म्हणजे डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं रेड-इअर्ड स्लायडर जातीचं कासव. सकाळी ऊन आलं की तो हौदातून वर चढतो, गवतात पाय पसरून पडतो आणि मधूनच एखादं पान नाहीतर गांडूळ मटकावतो.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याने खाणं सोडलं. मावशीला वाटलं, हवा बदलली म्हणून असेल. तिसऱ्या दिवशी तो पाण्यात एका बाजूला कलून तरंगायला लागला, तेव्हा ती त्याला टबमध्ये घालून डॉक्टरांकडे धावली. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, ‘‘लॉनवर काही मारलं होतं का?’’ माळीकाकांना फोन लावला. ते म्हणाले, ‘‘हो ताई, लव्हाळ्यावर औषध मारलं होतं चार दिवसांपूर्वी.’’ कोणतं? तेच कोणाला सांगता येईना. दुकानातून सुटं आणलेलं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेलं होतं आणि त्यावर लेबलच नव्हतं.

ढोल्या वाचला, पण सावरायला त्याला जवळजवळ महिना लागला. त्याला नेमकं काय बाधलं, ते आजही माहीत नाही. विष कोणतं हे कळलं, तर डॉक्टर नेमका इलाज करू शकतात. उदाहरणार्थ, क्लोरपायरिफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची बाधा असेल तर ॲट्रोपिनचं इंजेक्शन देता येतं. नाव माहीत नसेल तर सगळा अंदाजाचा खेळ.

कासवाला धोका जास्त का?

कुत्रं फवारलेल्या गवतावरून धावत निघून जातं. कासव मात्र त्याच गवतावर पोट टेकवून तासन्‌तास पडून राहतं, तेच गवत खातं आणि औषधाने अर्धमेल्या झालेल्या गोगलगायी, किडे आधी गट्ट करतं, कारण ते पळत नाहीत. वर ते पाण्यात राहतं आणि बागेतलं सगळं शेवटी वाहत पाण्यातच येतं. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही घराघरांत वापरली जाणारी कीटकनाशकं माणसाला तुलनेने कमी घातक असली, तरी पाण्यातल्या जिवांना फार विषारी असतात. ग्लायफोसेटच्या काही तणनाशकांमध्ये औषध पानाला चिकटावं म्हणून मिसळलेलं द्रव्यही मासे-बेडकांना बाधतं.

शिवाय कासवाच्या शरीराचा कारभार संथ. लक्षणं दिसायला कधी कधी बरेच दिवस जातात. तोपर्यंत फवारणी झाली होती हेच घरातले विसरून गेलेले असतात.

डब्यावरच्या रंगाबद्दलही मोठा गैरसमज आहे. आपल्याकडे कीटकनाशकांवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असलेली चौकोनी खूण असते. लाल सगळ्यात विषारी, हिरवा सगळ्यात कमी. पण ही वर्गवारी प्रयोगशाळेतल्या उंदरांसारख्या सस्तन प्राण्यांवरच्या परिणामावरून ठरते. हिरवी खूण पाहून ‘हौदाजवळ चालेल’ असं समजू नका. आणि आपण या सगळ्याला ‘औषध’ म्हणतो, तीही एक गंमतच आहे.

फवारणीच्या दिवशी

सगळ्यात आधी माळीकाकांशी बोला. पाणी कधी घालायचं हे आपण सांगतो, औषध कोणतं मारायचं हे मात्र त्यांच्यावर सोडून देतो. सीलबंद, लेबल असलेलाच डबा आणायचा आणि मारण्याआधी आपल्याला विचारायचं, एवढं ठरवून घ्या. लेबलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांमार्फत व्हावा, अशी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये काढली होती. तेव्हा दुकानदार सुटं बांधून देतोय म्हणून ते घेऊ नका.

फवारणीपूर्वी कासव घरात आणा. मोठा टब, त्यात थोडं पाणी आणि चढून बसायला एखादी वीट एवढं पुरतं. हौद प्लॅस्टिकने नीट झाका, कारंजं असेल तर बंद करा. वारा असताना किंवा आभाळ भरून आलेलं असताना फवारणी करूच नका, कारण पहिल्याच सरीबरोबर सगळं हौदात उतरतं.

‘वाळलं की झालं’ हा नियम कासवाला पुरत नाही. लेबलवर सांगितलेला काळ तर थांबाच, वर आणखी काही दिवस त्याला त्या गवतावर सोडू नका. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध झाडाच्या आत भिनतं आणि आठवडेच्या आठवडे टिकतं. ते वापरलं असेल तर त्या भागातलं गवत, फुलं कासवाच्या तोंडी लागता कामा नयेत. शंका वाटली तर हौदाचं पाणी सरळ बदला.

खतांचंही तेच. युरिया हौदात गेला तर त्यातून अमोनिया तयार होतो आणि पाणी हिरवंगार शेवाळतं. दाणेदार खत टाकल्यावर भरपूर पाणी घालून दाणे पूर्ण विरघळू द्या, मात्र ते पाणी हौदाकडे वाहू देऊ नका. हौदाचा काठ लॉनपेक्षा चार बोटं उंच असेल तर निम्मी काळजी मिटते.

गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मात्र कासवाच्या घरी आणूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या आमिष म्हणूनच बनवलेल्या असतात. त्यापेक्षा रात्री टॉर्च घेऊन मुलांना गोगलगायी वेचायला लावा (हातमोजे घालून). मुलांना हे काम भयंकर आवडतं.

बाधा झालीच तर

तोंडातून फेस किंवा लाळ, थरथर, लुळे पडलेले पाय, तिरकं तरंगणं, अन्न सोडणं यातलं काही दिसलं तर वाट पाहू नका. हातमोजे घालून कासवाला कोमट स्वच्छ पाण्याने धुवा. दूध, तेल, मिठाचं पाणी असलं काही पाजू नका. आणि त्याला परत हौदात सोडू नका. अशक्त कासव पाण्यात बुडून मरू शकतं, हे अनेकांना माहीतच नसतं. ओलसर टॉवेल घातलेल्या खोक्यात ठेवा आणि औषधाचा डबा किंवा फोटो सोबत घेऊन निघा. सगळे पशुवैद्य कासवं तपासत नाहीत, म्हणून आधी फोन करा.

एक गोष्ट कायद्याची. स्टार कासवासारखी आपल्याकडची रानटी कासवं घरी पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बागेत असं कासव आलं तर वनखात्याला कळवा. स्लायडर मूळचं अमेरिकेतलं. त्याचा कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडू नका, ते तिथल्या कासवांचं अन्न आणि जागा बळकावतं.

मावशीने आता हौदाभोवतीचा दहा-बारा फुटांचा तुकडा वीतभर उंच विटांनी वेगळा केला आहे. त्यात औषध नाही, रासायनिक खत नाही. लव्हाळा उगवला तर पाऊस पडून गेल्यावर, माती मऊ असताना गाठींसकट खुरप्याने काढायचा. माळीकाका कुरकुरतात, ‘‘ताई, एवढाच भाग खराब दिसतो.’’ ढोल्या नेमका तिथेच पसरलेला असतो.