पूरग्रस्ताचे मनोगत आणि पूर पाहिलेले मूल

अफझलगंजला उस्मानिया इस्पितळाच्या आवारात चिंचेचा एक पुरातन वृक्ष आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला, तेव्हा या झाडाच्या फांद्यांना बिलगून सुमारे दीडशे माणसे वाचली, असे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्या दिवशी अफझलगंजचा पूल गेला, तेथले जुने इस्पितळ गेले, हजारो घरे भुईसपाट झाली आणि मृतांचा अंदाज पंधरा हजारांपर्यंत पोहोचला. हैदराबादकर त्या पुराला ‘तुग्यानी’ म्हणत. ज्या मराठी कुटुंबांचे वास्तव्य येथे चार-पाच पिढ्यांचे आहे, त्यांच्या घरी हा शब्द वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेला असेलच.

संकट ओसरले की मोठी माणसे आपापल्या परीने त्याला उत्तर देतात. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले आणि पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. उर्दूचे थोर रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्या पुरात गेली. घरातले ते एकटेच वाचले. त्यांनी या प्रलयावर ‘कयामत-ए-सुग़रा’ ही कविता लिहिली. अभियंत्याने धरण बांधले, कवीने कविता केली. परंतु मुलाने काय करावे? त्याच्यापाशी विद्या नाही, वृत्तछंद नाही, आणि पुष्कळदा, ‘आता त्याची आठवण काढू नकोस बाळ’ असे मायेने सांगून त्याचे बोलणेही आपण थांबवितो.

त्याच्यापाशी लेखणी तर आहे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण त्या लेखणीला आपण कोणते वळण लावले आहे? मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ‘पूरग्रस्ताचे मनोगत’ किंवा ‘भूकंपग्रस्ताचे मनोगत’ हा निबंध कधी ना कधी लिहिला आहे. निसर्गाच्या रौद्र रूपाने आरंभ, मधे आक्रोश, शेवटी माणुसकीचा झरा आणि पुन्हा उभे राहण्याची जिद्द, हा त्याचा ठरलेला साचा. ज्याने पूर पाहिलेला नाही, त्याला या साच्याने गुण मिळतात. पण त्याच वर्गात, त्याच बाकावर, खरोखरीचा पूर पाहिलेले मूल बसले असेल तर? त्याच्या मनोगताची जागा आधीच कोणीतरी भरून ठेवलेली असते. आपले दुःख असे दिसत नाही, हे त्याला कळते. पण ते कसे दिसते, हे लिहायला कोणी सांगत नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे, गणेशविसर्जन आटोपून माणसे गाढ झोपली असता, किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला. लातूर आणि उस्मानाबाद हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचेच भाग; आपल्यापैकी कित्येकांची मूळ गावे त्याच पट्ट्यात. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे निजलेल्या माणसांवर कोसळली आणि आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. राहणे, जेवण, शाळा यांची सोय झाली, हे फार मोठे काम. अशा मुलापुढे परीक्षेत ‘भूकंपग्रस्ताचे मनोगत’ हा विषय आला तर त्याने काय लिहावे, याचा विचार मात्र विषय काढणाराने क्वचितच केला असेल.

जपानात एका शिक्षणतज्ज्ञाने तो केला. हिरोशिमावर १९४५ मध्ये अणुबॉम्ब पडला. त्यानंतर सहा वर्षांनी, १९५१ मध्ये, आराता ओसादा यांनी त्या दिवशी तेथे असलेल्या १०५ मुलामुलींचे लेख पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्यांत लहान मुले होती, तशी कॉलेजात पोहोचलेलीही होती. ओसादांनी मुलांकडून साचा मागितला नाही. ज्याने जे पाहिले ते मागितले. मधली सहा वर्षेही ध्यानात घेण्याजोगी आहेत. दुःख लिहायला काळ लागतो, आणि तो किती, हे लिहिणाऱ्यालाच कळते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये या प्रश्नाची शास्त्रीय तपासणी केली. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील क्लेशकारक प्रसंगाविषयी लिहावयास सांगितले. लिहून झाल्यावर त्यांना लगेच बरे वाटले नाही. उलट मन अधिक खिन्न झाले. परंतु ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांचे पुढील सहा महिन्यांतील दवाखान्याचे फेरे इतरांपेक्षा कमी झाले. लहान मुलांच्या बाबतीत पुढे झालेल्या प्रयोगांत गुण इतका ठळक दिसला नाही. तेव्हा लेखन हे रामबाण औषध समजू नये. संकटानंतर लगेच कोणालाही ‘काय झाले ते सांग’ म्हणून भरीस पाडू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही सांगणे आहे. आधी छप्पर, जेवण, ओळखीचे माणूस आणि रोजची शाळा, वही त्यानंतर.

ती वही कशी द्यावी? संकटाचा विषय थेट देऊ नये. एखादी वस्तू द्यावी. वाहून गेलेले दप्तर, गोठ्यातली शेळी, अंगणातला रांजण. मूल शेळीविषयी लिहिता लिहिता आजोबांपर्यंत आपणहून येते. आले नाही तर न येवो. ‘मी’ म्हणणे जड जात असेल, तर चिंचेच्या झाडाला बोलू द्यावे, नदीला बोलू द्यावे. आत्मवृत्ताचा हा जुना शालेय प्रकार येथे खरोखर कामास येतो, कारण झाडाच्या आडून मुलाला जे सोसेल तेवढेच सांगता येते. ज्याला लिहिता येत नाही त्याने चित्र काढावे, किंवा सांगावे आणि आजीने उतरवून घ्यावे, त्याच्याच शब्दांत, सुधारणा न करता.

या सुधारण्याविषयी विशेष लिहिले पाहिजे. मराठवाड्यातील मूल ‘घर पडलं व्हतं’ असे लिहील, तर त्या ‘व्हतं’ला लाल शाईची खूण करणे म्हणजे त्याला गप्प बसविणे होय. आपल्या हैदराबादेत तर मूल शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तेलुगू आणि दखनी, आणि घरी मराठी बोलते. आईला हाक मारण्याची भाषा कोणती, ते पाहावे आणि त्या भाषेत त्याला लिहू द्यावे. चारही भाषा एका पानावर आल्या तरी बिघडत नाही. लिहिलेले पान त्याच्या परवानगीवाचून पाहुण्यांपुढे वाचू नये, त्याला बक्षीस देऊ नये, छापावयास धाडू नये. आणि मूल कित्येक आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, कोणाशी बोलत नसेल, तर वहीवर विसंबून न राहता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत या शहराच्या कित्येक वस्त्यांत घरांतून पाणी शिरले. ऑगस्ट २००७ मध्ये आपल्या कोठीतच, गोकुळ चाटपाशी, स्फोट झाला. त्या त्या वेळी लहान असलेली मुले आपल्या घरांतून वाढली आहेत. त्यांना काय आठवते, हे आपण विचारले आहे काय? मृतांचे आकडे दफ्तरात राहतात आणि धरणांना नावे मिळतात. त्या रात्री दिवा कोणी विझविला, आई काय म्हणाली, मांजर कोठे गेले, हे फक्त मुलालाच माहीत असते. ते त्याने लिहिले तर शहराच्या इतिहासाला उपयोग होईल, हे खरे; परंतु तो हेतू दुय्यम समजावा. पान मुलाचे आहे. ते त्याने जपून ठेवावे किंवा फाडून टाकावे, हा निर्णयही त्याचाच असू द्यावा.