खालचे पंख, वरचे इंजिन
कांदिवलीच्या चारकोप भागातील गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी बांधलेले सहा आसनी विमान 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले आणि घरी विमान बांधण्याची कल्पना मराठी घरांत पोहोचली. परंतु अशा कोणत्याही विमानाची विश्वासार्हता नजरेआड राहणाऱ्या इंधनव्यवस्थेवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. इंधनाच्या टाक्या सहसा पंखांत असल्याने, पंख वर असतील तर इंधन स्वतःच्या वजनाने इंजिनाकडे उतरते, खाली असतील तर ते वर चढवावे लागते. म्हणून इंजिनावर चालणाऱ्या पंपाच्या जोडीला विजेचा पंप देतात. इंधन दुरून ओढल्यास नळीतील दाब घटतो, तापलेल्या पेट्रोलची वाफ होते व प्रवाह तुटतो. हा ‘व्हेपर लॉक’ टाळण्यासाठी विजेचा पंप टाकीजवळ, खालच्या पातळीवर बसवून इंधन पुढे ढकलणे श्रेयस्कर ठरते. दोन्ही टाक्या एकदम जोडल्यास रिकाम्या टाकीतून पंपाने हवा ओढण्याचा धोका असल्याने, खालच्या पंखांच्या विमानांत टाकी निवडणाऱ्या सिलेक्टर व्हॉल्व्हला सहसा डावी, उजवी आणि बंद एवढ्याच स्थिती असतात. व्यवस्थेच्या सर्वांत खालच्या बिंदूवर निचऱ्याची तोटी ठेवतात. उड्डाणापूर्वी तिच्यातून पारदर्शक पेल्यात घेतलेल्या इंधनाच्या तळाशी पाण्याचा थेंब दिसला, तर इंधन पूर्ण स्वच्छ येईपर्यंत निचरा करावा लागतो.