परसातलं तळं: आधी झरा, मासे शेवटी

आज लॅपटॉप बंद आणि हातात फावडं. मी शिरढोणहून बोलतोय. पनवेलहून कर्नाळ्याकडे जाताना लागतं ते, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. मागे पाण्याचा आवाज येतोय ना, तो आमच्या परसातल्या झऱ्याचा.

हे आमचं दुसरं तळं. पहिल्यातले बाराही गोल्डफिश आठवड्याभरात मेले. बाबा म्हणाले, "अरे, पाणी तर आरशासारखं होतं!" तिथंच आम्ही फसलो होतो.

झालं काय, की मासा सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यात आणखी भर. तो दिसत नाही, पण माशाला विष. दगडगोट्यांवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट. नायट्रेट बरंच निरुपद्रवी, झाडं ते खत म्हणून घेतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आम्ही दुसऱ्याच दिवशी मासे सोडले. वर बिल वाचवायला रात्री पंप बंद! रात्री पाणवनस्पतीसुद्धा ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो.

म्हणजे झरा ही नुसती शोभा नाही. पाणी दगडांवरून पडताना हवा मिसळते, आणि त्याच दगडांवर जिवाणू राहतात. तळ्याचं फुप्फुस तेच आणि गाळणीही तीच.

आता हिशेब. आमचा खड्डा ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, पाऊण मीटर खोल. गुणाकार केला तर ४५०० लिटर, कडेच्या पायऱ्या वजा जाता ४००० धरा. सगळं पाणी दोन तासांत एकदा फिरायला हवं, म्हणजे तासाला २००० लिटर. पण पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, पाणी वर चढवलं की तो घटतो. म्हणून थोडा मोठा पंप घ्या. ४० वॉटचा पंप चोवीस तास चालला तर दिवसाला जेमतेम एक युनिट.

प्लास्टिकचा कागद किती? लांबी, अधिक दोनदा खोली, अधिक कडेला ६० सेंटिमीटर. रुंदीचंही तसंच. आमचा ५.१ बाय ४.१ मीटर झाला. खाली जुनी गोणपाटं अंथरा, नाहीतर खडा टोचलाच म्हणून समजा.

कोकणातली खरी परीक्षा जुलैत. जमिनीतलं पाणी वर आलं की कागद खालून फुगतो. म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही खड्डा कमी खोदला आणि काठ फूटभर वर बांधला. अंगणातलं गढूळ पाणीही मग आत येत नाही. जादा पाण्याचा पाइप ठेवा, त्याच्या तोंडाला बारीक जाळी हवीच. मासे ओढ्यात जाता कामा नयेत. उजनीतला चिलापी आपण आवडीनं खातो, पण तो मूळचा आफ्रिकेचा. बाहेरचा मासा एकदा पसरला की परत गोळा करता येत नाही.

पाणी भरलं की लगेच पंप सुरू करा आणि रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका, जिवाणूंना तेवढं पुरतं. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आधी वाढून मग शून्यावर आले, की पहिले चार-पाच गप्पी सोडा. डासांच्या अळ्या ते खातात. बाकीचे हळूहळू. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही घातक, ते आधी उडू द्या. लाइट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू दे. आणि घरात लहान पोर असेल तर वर मजबूत जाळी, त्यात तडजोड नाही. खंड्या आणि बगळ्यापासूनही तीच वाचवते.

या वेळी आम्ही सहा आठवडे रिकाम्या पाण्याकडे बघत बसलो. आजी रोज विचारायची, "मासे कुठायत रे?" आता सकाळचा चहा ती तळ्याकाठीच घेते.

तुमच्या परसाचं माप कळवा, हिशेब मिळून करू. भेटूया पुढच्या भागात!