बिल निघत नाहीये!

सकाळी ८:३० – बोईसर स्टेशनजवळचं मेडिकल. फोनवर एवढंच कळलं होतं, ‘प्रिंटर गेला.’ दिवा हिरवा, कागद सरसर बाहेर येतोय, पण कोरा. थर्मल प्रिंटरमध्ये शाई नसतेच. कागदाच्या एका बाजूला लेप असतो, तो हेडच्या उष्णतेने काळा पडतो. नखाने ओरखडा काढला. काळी रेघ उठली ती बाजू हेडकडे हवी. रात्री कोणीतरी रोल उलटा घातला होता.

१०:०० – नवापूर रोड, किराणा. प्रत्येक बिलावर एकाच जागी उभी पांढरी रेघ. शेजारीच पिठाची पोती, म्हणजे हेडवर थर बसलेला. प्रिंटर बंद केला, हेड निवू दिलं, कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं. ते सुकेपर्यंत शेठ विचारतात, “नाही गेली रेघ तर?” तर हेड बदलायचं. मिलिमीटरला आठ ठिपके असतात. जळलेला ठिपका पुसून परत येत नाही. सुदैवाने रेघ गेली.

११:३० – छोटं सुपरमार्केट, गल्ल्यावर रांग. कॉम्प्युटर म्हणतो, प्रिंटर ऑफलाइन. फीडचं बटण दाबून धरलं आणि प्रिंटर चालू केला. चाचणीची चिठ्ठी स्वच्छ छापून आली. म्हणजे दोष प्रिंटरच्या अलीकडे.
“काल इथलं काय हलवलंत?”
“काही नाही दादा, फक्त टेबल पुसलं.”
पुसताना यूएसबीची वायर निघाली आणि दुसऱ्या खाचेत लागली. कॉम्प्युटरने त्याच प्रिंटरची ‘कॉपी १’ अशी नवी नोंद केली, बिलिंग मात्र जुन्याच नावावर चाललंय. नाव बदललं. त्याआधी साठलेली बिलं रद्द केली, नाहीतर वैतागून दाबलेली सगळी एकदम छापून आली असती.

दुपारी १:०० – डबा. फोनवर एकाला अ‍ॅडॅप्टरची पिन नीट खोचायला सांगितली. काम झालं, फेरी वाचली.

२:३० – पास्थळ, हॉटेलचं स्वयंपाकघर. केओटीच्या, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या छापणाऱ्या प्रिंटरवर लाल दिवा लुकलुकतोय आणि झाकण उघडत नाही. कटरचं पातं कागदात अडकलंय. इथे जोर लावला की कटर मोडतो. पुढचं आवरण काढून दातेरी चाक हळूहळू फिरवलं, पातं मागे गेलं, कागदाचा चुरा निघाला. वाफेपासून दूर, मांडणीच्या दुसऱ्या टोकाला प्रिंटर ठेवायला लावला.

४:३० – तारापूर गाव, कापडाचं दुकान. बिलावर मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. बऱ्याच स्वस्त प्रिंटरांच्या पोटात देवनागरी अक्षरं नसतात. ओळ चित्र म्हणून पाठवायची सोय दुकानाच्या बिलिंगमध्ये होती, ती सुरू केली. छपाई थोडी मंदावली, पण गिऱ्हाईक आजीबाईंना आपलं नाव वाचता आलं.

सायंकाळी ७:०० – चिंचणीच्या एका दुकानदाराचा फोन: वर्षापूर्वीची खरेदीची बिलं कोरी पडलीत. ऊन आणि प्लास्टिकची पाकिटं थर्मल अक्षरं उडवतात. त्याला प्रिंटर काय करणार? जीएसटीच्या कायद्याने वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने कागद जपावे लागतात. “काका, उडालेल्या बिलांची प्रत पुरवठादाराकडून मागून घ्या. आणि यापुढे बिल हातात पडेल त्याच दिवशी झेरॉक्स काढा.”