लांब पल्ल्याची दौड आणि शेतीचा धंदा

कर्जांत बुडालेल्या शेतकरी कुटुंबांची हकीकत बारकाईनें पाहिली तर एक गोष्ट वारंवार आढळते. तीं कुटुंबें आळशी नव्हतीं, अडाणीही नव्हतीं. दोन चांगल्या वर्षांच्या भरांत त्यांनीं विहीर, यंत्र, बाग व बंगला हें सर्व एकदम अंगावर घेतलें, आणि तिसऱ्या वर्षीं पावसानें किंवा बाजारभावानें दगा देतांच हप्ते थकले. धांव चांगली होती. पल्ल्याचा अंदाज चुकला. धंदा दीर्घकाळ कसा टिकवावा, हें लांब पल्ल्याच्या दौडीवरून चांगलें समजतें. म्हणून त्या खेळांत नांव मिळविलेल्या एका शेतकऱ्याचीच हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यांत बीच फॉरेस्ट येथें क्लिफ यंग नांवाचा बटाट्याचें पीक काढणारा शेतकरी राहत असे. 1983 सालीं सिडनीपासून मेलबर्नपर्यंत 875 किलोमीटरांची धांवण्याची शर्यत झाली, तींत तो वयाच्या 61व्या वर्षीं उतरला. पहिल्या दिवशीं इतर स्पर्धक झपाट्यानें पुढें निघून गेले व यंग मागें पडला. त्याची चाल पाय फारसे न उचलतां घसटत जाण्याची, पाहणारास हसूं यावें अशी होती. परंतु बाकीचे रात्रीं झोपले असतां तो तसाच चालीनें पुढें जात राहिला आणि त्यानें सर्वांस मागें टाकलें. 5 दिवस, 15 तास व 4 मिनिटांत त्यानें शर्यत जिंकली.

यांत चमत्कार नाहीं. शरीराचा साधा हिशेब आहे. धांवणाऱ्याच्या यकृतांत व स्नायूंत शर्करेचा साठा असतो, पण तो लहान असतो. वेगानें धांवणारास साधारणतः 30 किलोमीटरांच्या सुमारास तो संपत येतो आणि पाय शिशासारखे जड होतात. चरबीचा साठा मात्र मोठा असतो. वेग जितका अधिक, तितका शर्करेचा खर्च अधिक. चाल संथ ठेविली तर चरबीवर अधिक काम भागतें व शर्करा पुरते.

शेतकऱ्याच्या घरची रोकड ही त्या शर्करेसारखी होय. जमीन, जनावरें व फळझाडें यांचें उत्पन्न चरबीसारखें सावकाश, पण दीर्घकाळ मिळणारें असतें. तें येण्याच्या गतीपेक्षां जो खर्च अधिक वेगानें वाढवितो, त्याची रोकड आधीं संपते. आणि दहा एकर जमीन नांवावर असूनही ऐन पेरणीच्या वेळीं त्याचे पाय थांबतात.

म्हणून पहिला नियम चालीचा. कर्जाचा हप्ता ठरवितांना चांगल्या वर्षाचें उत्पन्न धरूं नये. गेल्या पांच वर्षांचा हिशेब काढावा, आणि त्यांतील सर्वांत वाईट वर्षीं घरखर्च भागवून हा हप्ता देतां आला असता काय, असें स्वतःस विचारावें. उत्तर नाहीं असें आल्यास काम लहान करावें किंवा पुढें ढकलावें. शेजाऱ्याच्या दारांत ट्रॅक्टर उभा राहिला म्हणून आपणही घेणें, म्हणजे दुसऱ्याच्या चालीनें धांवणें होय. वर्षांतून थोडेच दिवस लागणारें यंत्र वेळेवर भाड्यानें मिळत असेल, तर तेंच आपल्या चालीस शोभतें.

दुसरा नियम साठ्याचा. जाणते धांवपटू भूक-तहान अनावर होईपर्यंत थांबत नाहींत. आरंभापासूनच थोडें थोडें खातपीत जातात. साठा पार संपल्यावर तो भरून काढणें कठीण असतें. आपणही चांगल्या वर्षींच शिल्लक बाजूस काढावी. समजा, एका हंगामाचा लागवडखर्च 80,000 रुपये व सहा महिन्यांचा घरखर्च 70,000 रुपये आहे. तर 1,50,000 रुपयांची गंगाजळी हें आपलें उद्दिष्ट समजावें व तें तीन-चार हंगामांत गांठावें. ही रक्कम लग्नकार्यास किंवा नव्या खरेदीस वापरूं नये. जमिनीचाही साठा असतो. शेणखत व हिरवळीचें खत न देतां केवळ पिकें काढीत राहणें म्हणजे त्या साठ्यावर हात मारणेंच होय.

तिसरा नियम विश्रांतीचा. यंग फार थोड्या झोपेवर जिंकला, यावरून अहोरात्र राबणें हाच यशाचा मार्ग, असा अर्थ कोणीं घेऊं नये. ती शर्यत सहा दिवसांच्या आंत संपली. शेती पिढ्यान्‌पिढ्या चालवावयाची असते. डाळिंबाचे बागाईतदार हें जाणतात. मृग, हस्त व आंबे असे तीन बहार शक्य असतांही ते वर्षांत एकच बहार धरितात, आणि तत्पूर्वीं पाणी तोडून झाडास ताण देतात. सर्व बहार धरण्याचा लोभ झाडास खंगवितो. जें झाडाचें, तेंच जमिनीचें व माणसाचेंही.

चौथी गोष्ट अपयशाची. 1982 सालीं यंगनें 1,000 मैलांचा विक्रम मोडण्याचा यत्न केला होता. तो 805 किलोमीटरांवर, म्हणजे निम्म्याहून थोडेंच अधिक अंतर झाल्यावर सोडावा लागला. आपण व आपले मदतनीस अननुभवी होतों, तयारी अपुरी होती, असें त्यानें मागाहून सांगितलें. पुढल्याच वर्षीं तो जिंकला. तो पुन्हां उतरूं शकला, कारण त्या अपयशांत त्याचें सर्वस्व गेलें नव्हतें. नवें पीक किंवा नवें वाण प्रथम अर्ध्या एकरांत करून पाहावें, असें आम्ही म्हणतों तें याचसाठीं. अर्ध्या एकरांतील चूक शिकविते. सबंध शेतांतील चूक देशोधडीस लावते.

येत्या पेरणीपूर्वीं एके सायंकाळीं घरांतील सर्व मंडळींनीं, विशेषतः घरखर्च सांभाळणाऱ्या स्त्रियांनीं, एकत्र बसून गेल्या पांच वर्षांचा जमाखर्च कागदावर मांडावा. सर्वांत वाईट वर्ष कोणतें व तें कशावर निभावलें, हें त्यावरून कळेल. आपली खरी चाल तीच होय. पुढचे सर्व बेत तिच्या मापानें करावे.