बोथट ड्रिल बिटांस घरीं धार लावण्याचें साधन कसें निवडावें

शेतकऱ्याचें घर म्हणजे एक लहानसा कारखानाच होय, हें आतां नव्यानें सांगण्याचें कारण राहिलेलें नाहीं. ज्या कामासाठीं पूर्वीं लोहाराच्या भात्यापाशीं जाऊन बसावें लागे, त्यांतील पुष्कळसें काम हल्लीं वस्तीवरच होतें. हातांत धरावयाचें विजेचें ड्रिल, हँड ग्राइंडर व पान्यांचा संच एवढें सामान बहुतेक बागायतदारांच्या घरीं असतें. परंतु ज्या बिटावर ड्रिलचें सर्व काम अवलंबून, त्याच्या धारेकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. बिट चालेनासें झालें कीं तें डब्यांत टाकावयाचें व नवें आणावयाचें, असा सर्रास परिपाठ पडला आहे.

या परिपाठाची किंमत आम्हांस दोन वर्षांपूर्वीं कळली. मृगाचा पाऊस झाला, तिसऱ्या दिवशीं वाफसा आला व आम्हीं पेरणीयंत्र जोडलें. पहिल्याच फेऱ्यांत एका फणाची पट्टी बोल्टाच्या भोंकापाशीं फाटली. नवी पट्टी घरीं होती. तिला १२ मिलिमीटरचें एक भोंक पाडावयाचें, एवढेंच काम होतें. डब्यांत त्या मापाचीं तीन बिटें निघालीं, आणि तिन्ही बोथट. जोर देऊन दाबतांच किंचाळल्यासारखा आवाज झाला, धूर निघाला, बिटाचें टोंक निळें पडलें आणि पट्टीवर केवळ एक चकाकणारी वाटी उमटली. गडी तालुक्यास धाडला. तो नवें बिट घेऊन येईपर्यंत दिवस मावळला, आणि रात्रीं पाऊस पुन्हां सुरू झाला. पुढचा वाफसा मिळेपर्यंत सहा दिवस गेले. त्या तुकड्यांतील सोयाबीनाची पेर मागें पडली ती पडलीच. पुढें पावसाळा सरल्यावर आम्हीं धार लावण्याच्या निरनिराळ्या साधनांचा विचार केला. त्यांतून जें हातीं लागलें तें येथें देत आहों.

बोथट बिट म्हणजे काय

साधन निवडण्यापूर्वीं त्यानें काय साधावयाचें आहे तें समजलें पाहिजे. पिळाच्या बिटास दोन पन्हळी असतात व टोंकाशीं धारेच्या दोन कडा असतात. सर्वसाधारण बिटाच्या या दोन कडांमधील कोन ११८ अंशांचा असतो. म्हणजे प्रत्येक कड बिटाच्या मध्यरेषेशीं ५९ अंशांचा कोन करते. कठीण पोलादाकरितां १३५ अंशांचीं बिटें मिळतात. प्रत्येक कडेच्या पाठीमागील भाग किंचित् उतरता असावा लागतो. हा उतार साधारणतः ८ ते १२ अंशांचा ठेवतात.

यावरून चांगल्या धारेचीं तीन लक्षणें निघतात. दोन्ही कडांची लांबी सारखी, दोन्हींचा कोन सारखा, आणि दोन्हींच्या पाठीस पुरेसा उतार. लांबी कमीजास्त झाली तर भोंक बिटाच्या मापाहून मोठें पडतें. कोन असमान झाला तर एकच कड कापते व ती लवकर झिजते. उतार कमी पडला तर पाठ लोखंडावर घांसते. कड कितीहि तीक्ष्ण दिसली तरी बिट आंत शिरत नाहीं, फक्त तापतें. उतार फाजील झाला तर कडेस आधार राहत नाहीं व तिचे तुकडे उडतात. नीट धारेच्या बिटाखालून दोन्ही पन्हळींतून सारखीं वेटोळीं निघतात. कीस भुकटीसारखा पडूं लागला कीं धार गेली असें समजावें.

हें काम लोहाराकडे कां होत नाहीं

जुन्या काळीं लोहार पोलादाची कांब टोंकाशीं चपटी ठोकून बरमा तयार करी. धार गेली कीं तो पुन्हां भट्टींत घालून ठोकतां व पाणी देतां येई. पिळाच्या बिटाचा प्रकार निराळा. अमेरिकेंतील स्टीफन मोर्स यानें त्याचें पेटंट १८६३ सालीं घेतलें. पुढें टेलर व व्हाइट या दोघांनीं बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यांत ‘हायस्पीड’ पोलाद सिद्ध केलें व १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत त्याचा प्रभाव जगास दिसला. हें पोलाद मंद लाल होईपर्यंत तापलें तरी आपला कठीणपणा सोडीत नाहीं. आजचीं बहुतेक चांगलीं बिटें याच पोलादाचीं असून त्यांच्या दांड्यावर ‘एच. एस. एस.’ अशीं अक्षरें असतात. गांवच्या भट्टींत त्यांस पुन्हां घडवितां व पाणी देतां येत नाहीं. घांसून धार लावणें हाच एक मार्ग होय.

साधनांचे प्रकार

१. कानस. पुष्कळांचा हात प्रथम कानशीकडे जातो, परंतु हायस्पीड पोलाद साध्या कानशीइतकेंच किंवा त्याहून कठीण असल्यानें कानसच झिजते. हिऱ्याच्या कणांची कानस चालते, पण ती केवळ किंचित् मंदावलेली कड उजळण्यापुरती. लांकडास भोंक पाडणाऱ्या गिरमिटाची गोष्ट वेगळी. त्याचें पोलाद मऊ असतें व त्यास बारीक कानशीनें उत्तम धार लागते. मात्र त्याची बाहेरची बाजू कधींहि घांसूं नये, नाहींतर भोंकाचें माप बिघडतें.

२. ड्रिलवर चालणारा लहान डबा. यांत निरनिराळ्या मापांचीं छिद्रें असून आंत एक लहानसा दगड असतो, व आपलेंच ड्रिल तो फिरवितें. किंमत थोडी, शिकावयाचें फारसें नाहीं. परंतु बिट छिद्रांत सैल बसलें तर कोन बिघडतो, दगड लवकर झिजतो, आणि साधारण १० मिलिमीटरवरील बिटें त्यांत बहुधा बसतच नाहींत. शेतीच्या अवजारांस १० ते १६ मिलिमीटरचींच भोंकें फार लागतात, हें ध्यानांत ठेवावें.

३. बेंच ग्राइंडर. दोन बाजूंस दोन दगड असलेलें हें यंत्र सर्वांच्या परिचयाचें आहे. १५० मिलिमीटर दगडाचें यंत्र घरगुती एक-फेज विजेवर चालतें व मिनिटास सुमारें २,८०० फेरे घेतें. यावर हातानें धार लावावी लागते. तीच त्याची अडचण आणि तोच त्याचा गुण. हात बसला कीं ३ मिलिमीटरपासून पुढचें कोणतेंहि बिट त्यावर चालतें, आणि शिवाय खुरपीं, विळे, कोयते, कुऱ्हाडी व छिन्न्या यांचीहि सोय होते.

४. ग्राइंडरपुढें बसवावयाचा बिटधारक. हा स्वतंत्र यंत्र नसून बेंच ग्राइंडरचें उपांग आहे. बिट त्यांत घट्ट धरून ठरलेल्या कोनांत झुलवावयाचें असतें, त्यामुळें कोन व उतार आपोआप साधतात. साधारण ३ ते १९ मिलिमीटरचीं बिटें त्यांत बसतात. प्रथम जुळवणी करण्यास अर्धा दिवस मोडला तरी त्रासूं नये.

५. स्वतंत्र विजेचें धारयंत्र. यांत हिऱ्याच्या किंवा तत्सम कठीण कणांचें चाक असतें व ११८ आणि १३५ अंशांच्या खुणा ठरविलेल्या असतात. काम सुबक व लवकर होतें. परंतु किंमत बरीच, बिटाच्या मापास मर्यादा, आणि बिटांवांचून दुसरें कांहींच काम त्यावर होत नाहीं.

हँड ग्राइंडर उलटा धरून त्याच्या पातळ कापणीच्या चकतीच्या बाजूवर बिट घांसण्याची जी संवय कांहींस आहे, ती अत्यंत घातक होय. ती चकती बाजूच्या दाबासाठीं केलेली नसते. फुटली तर तुकडे थेट तोंडावर येतात.

मग घ्यावें काय

प्रथम आपला डबा ओतून पाहावा. वर्षभरांत किती बिटें टाकून दिलीं व त्यांत १० मिलिमीटरवरील किती, हें मोजावें. त्यांच्या नव्या किंमतीची बेरीज साधनाच्या किंमतीशेजारीं मांडावी. ३ मिलिमीटरखालील बिटें हिशोबांत धरूंच नयेत. त्यांस धार लावण्यांत वेळ जातो त्या मानानें नवें बिट स्वस्त पडतें.

ज्याचें काम खिडकीचे पडदे व भिंतीवरचे खिळे एवढ्यापुरतें आहे, त्यास लहान डबाहि पुरे. परंतु ज्याच्या घरीं ट्रॅक्टर, ट्रॉली, कुळव व पेरणीयंत्र आहे, त्यानें आधीं बेंच ग्राइंडरच घ्यावा असें आमचें स्पष्ट मत आहे. महिनाभर टाकाऊ बिटांवर हात बसवून पाहावा. बसला नाहीं तर बिटधारक मागाहून घेतां येतो, व आधींचा पैसा वायां जात नाहीं. जेथें विजेचा भरंवसा नाहीं तेथें हातानें फिरवावयाचा ग्राइंडर मिळाल्यास जरूर घ्यावा. तो मंद चालतो म्हणून बिट तापत नाहीं, मात्र फिरविण्यास दुसरा माणूस लागतो. स्वतंत्र धारयंत्र एकट्यानें घेण्यापेक्षां आठदहा बागायतदारांनीं किंवा गांवच्या सोसायटीनें मिळून घेतलें तर तें सतत कामांत राहील.

ग्राइंडर घेतांना दगडाची चौकशी अवश्य करावी. पोलादाच्या बिटांस अॅल्युमिनियम ऑक्साइडचा ६० ते ८० नंबरचा दगड योग्य. भिंतीच्या बिटांच्या टोंकास कार्बाइडचा तुकडा जडविलेला असतो. त्यास सिलिकॉन कार्बाइडचा हिरवा दगड किंवा हिऱ्याचें चाकच लागतें. पोलादाच्या दगडावर तें घांसल्यास दगड खराब होतो व बिटहि सुधारत नाहीं.

धार लावण्याची रीत व दोन नटांची कसोटी

बिट दोन्ही हातांनीं धरून दगडाच्या तोंडाशीं ५९ अंशांत तिरपें करावें. धारेची कड आडवी, जमिनीस समांतर असावी. कड दगडास हलकेच टेकवावी व लगेच दांड्याचें टोंक किंचित् खालीं न्यावें, म्हणजे पाठीस उतार मिळतो. मग बिट अर्धा फेरा फिरवून दुसरी कड तितकीच घांसावी. एका कडेस फार वेळ देऊं नये; एकदां ही, एकदां ती, असें करावें. कडेच्या बाहेरच्या कोपऱ्यावरील झीज पूर्ण जाईपर्यंत घांसणें अवश्य आहे.

कोन तपासण्यास विकतचें मापच पाहिजे असें नाहीं. सारख्या मापाचे दोन षट्कोनी नट सपाट बाजूस सपाट बाजू लावून ठेवले कीं त्यांच्यामध्यें १२० अंशांची खांच तयार होते. ती ११८ अंशांच्या इतकी जवळची आहे कीं घरगुती कामास खुशाल चालते. बिटाचें टोंक त्या खांचेंत बसवून उजेडापुढें धरावें. जेथें फट दिसेल तेथें कोन चुकला. शेवटीं टाकाऊ पट्टीवर भोंक पाडून दोन्ही पन्हळींतून सारखीं वेटोळीं येतात कीं काय तें पाहावें.

हायस्पीड बिट घांसतांना तापलें तर एकदम पाण्यांत बुडवूं नये. त्यास सूक्ष्म तडे जाण्याचा संभव असतो. हात थांबवून तें हवेंत निवूं द्यावें. साध्या कार्बन पोलादाचें जुनें बिट असेल तर उलट तें वारंवार पाण्यांत गार करावें, कारण त्यावर निळा रंग चढला कीं त्याचें पाणी उतरतें. दोन्हींतील फरक ठिणग्यांवरून कळतो: कार्बन पोलादाच्या ठिणग्या तेजस्वी व फुटणाऱ्या, हायस्पीडच्या थोड्या व तांबूस मंद.

खबरदारी

डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याशिवाय ग्राइंडर सुरू करूं नये. हातमोजे घालूं नयेत. उपरणें, सदऱ्याच्या बाह्या व धोतराचा सोगा आवरून घ्यावा. दगड बसविण्यापूर्वीं त्यावर लांकडी मुठीनें हलकेच टिचकी मारावी; खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा गेला असें समजून तो दगड टाकून द्यावा. हात टेकण्याची पट्टी व दगड यांत ३ मिलिमीटरहून अधिक अंतर नसावें. यंत्र सुरू केल्यावर पहिलें मिनिटभर बाजूस उभें राहावें.

अखेरीस एक गोष्ट. धार लावण्यापेक्षां ती टिकविणें सोपें आहे. सेंटर पंचानें खूण करावी, मोठ्या भोंकाआधीं लहान बिट चालवावें, तेलाचे चार थेंब टाकावेत. साध्या पोलादास १० मिलिमीटरचें बिट मिनिटास सुमारें ८०० फेऱ्यांनीं चालवावें. लहान हातड्रिलचा पूर्ण वेग पुष्कळदां याच्या तिपटीपर्यंत असतो, व आपलीं बहुतेक बिटें त्या वेगानेंच जळतात. जुन्या कमानपाट्यास भोंक पाडावयाचें असेल तर तो आधीं तापवून राखेंत सावकाश निवूं द्यावा.

आमच्या घरीं आतां वैशाखांतच बिटांचा डबा ओतला जातो, व प्रत्येक मापाचीं दोन धारदार बिटें तेलाच्या फडक्यांत गुंडाळून पेरणीयंत्राच्या पेटींत ठेवलीं जातात. त्यास एक सकाळ पुरते. ज्या बंधूंनीं बिटधारक किंवा धारयंत्र स्वतः वापरलें असेल, त्यांनीं आपला बरावाईट अनुभव या मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावा, म्हणजे इतरांस त्याचा लाभ होईल.