जुनी कनू कोणाची, कधीची?

अमेरिकेतल्या मेन राज्यात आणि कॅनडात तळ्याकाठच्या घरांच्या माळ्यावर आजही जुन्या लाकडी कनू सापडतात. दोन्ही टोकं निमुळती, सीडरच्या पातळ फासळ्या, त्यांवर पातळ फळ्या आणि बाहेरून ताणून बसवलेलं रंगवलेलं कॅनव्हास. मेनमधल्या पेनॉब्स्कॉट या मूळ रहिवासी लोकांच्या भूर्जसालीच्या होडीतूनच ही बांधणी आली. सालीची जागा कापडाने घेतली. अशी होडी कोणी आणि कधी घडवली हे शोधताना काही समजुती वाट चुकवतात.

गैरसमज : नाव कुठेच नाही, म्हणजे कारखाना कळणार नाही.
वस्तुस्थिती : नावाची पट्टी पडते, छाप पुसली जाते, बांधणीची पद्धत मात्र टिकते. मेनमधल्या व्हीझी गावच्या बी. एन. मॉरिस यांच्या कनूत फासळ्यांची वरची टोकं काठाच्या आतल्या पट्टीत कोरलेल्या खाचांत बसवलेली असतात. टोकाचं वाकवलेलं लाकूड आत येताना पसरट होत जातं. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या, तर पहिला विचार मॉरिसचा करावा.

गैरसमज : पट्टीवर ज्याचं नाव, त्यानेच ती घडवली.
वस्तुस्थिती : विक्रेतेही आपली पट्टी ठोकत. कॅनडातले पीटरबरो आणि चेस्टनट हे दोन प्रसिद्ध कारखाने पुढे एकाच मालकीखाली आले. त्यामुळे छाप एकाची आणि बांधणी दुसऱ्याची, असंही आढळतं.

गैरसमज : क्रमांकातच वर्ष दडलेलं असतं.
वस्तुस्थिती : ओल्ड टाउन कंपनीच्या कनूत दोन्ही टोकांना, आतल्या बाजूला, तळाशी लाकडावर क्रमांक ठोकलेला असतो. त्यानंतर फुटांतली लांबी. वर्ष तिथे नसतं, ते कारखान्याच्या नोंदपत्रात मिळतं. यातली बहुतेक पत्रं सुदैवाने टिकली आहेत. लांबी, प्रत, लाकूड, मूळ रंग, कामाच्या टप्प्यांच्या तारखा आणि होडी कोणत्या गावी रवाना झाली, हे सारं त्यावर असतं. बांधणी आणि रवानगी यांत कधीकधी बरेच महिने जात, म्हणून दोन्ही तारखा पाहाव्यात. मॉरिसचा कारखाना १९१९ मध्ये जळाला आणि त्याबरोबर नोंदीही गेल्या. त्या कनूंचं वय क्रमांक आणि बांधणी यांवरून अंदाजानेच ठरतं.

गैरसमज : लाकूड काळवंडलं, कॅनव्हास फाटलं, म्हणजे कनू शंभर वर्षांची.
वस्तुस्थिती : ओलसर गोठ्यात काही वर्षांतही लाकूड काळं पडतं. कॅनव्हास तर बदलण्यासाठीच असतं. जुन्या सांगाड्यावर ते अनेकदा नवं असतं. काठ पाहणं अधिक उपयोगी. जुन्या घडणीत फासळ्यांची टोकं वरच्या पट्टीखाली झाकलेली असत. होडी उपडी केली की पाणी निघून जावं असा उघडा काठ नंतर रूढ झाला. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले. ते सर्वत्र दिसले तर त्याआधीची तारीख संशयास्पद ठरते, एखाद-दुसरा दिसला तर ती बहुधा दुरुस्ती.

गैरसमज : प्रयोगशाळेत कार्बन तपासला की वर्ष कळेल.
वस्तुस्थिती : गेल्या सुमारे तीनशे वर्षांतल्या लाकडासाठी या तपासणीचं उत्तर फार ढोबळ येतं. शिवाय ती लाकूड वाढलं तो काळ सांगते, होडी बांधली तो नाही.

गैरसमज : आधी घासूनपुसून स्वच्छ करावी, मग शोधावं.
वस्तुस्थिती : सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं. पॉलिश पेपरने उथळ क्रमांक नाहीसा होतो. रंगाखाली दडलेली छाप निघून जाते. पितळी पट्टी जिथे होती तिथली बारीक भोकं लांबीने बुजतात. मॉरिसच्या कनूत ती नाळेजवळ, डाव्या काठाच्या आतल्या बाजूला सापडतात. म्हणून मऊ ब्रशने फक्त धूळ झाडावी. विजेरी आडवी धरून दोन्ही टोकांचे फोटो घ्यावेत. तिरप्या उजेडात पुसट आकडे उठून दिसतात. मोडका तुकडाही फेकू नये. दुरुस्ती पुढच्या वर्षीही करता येईल, घासून गेलेला क्रमांक परत मिळत नाही.